ग्वानाह्वातो: चांदीची खाण, बाबा आणि एक कमी हेल्मेट

मेक्सिकोला जायचं ठरलं ते सिंगापूरजवळच्या पुलाउ उबीन बेटावर, भाड्याच्या सायकलींचे पैसे देताना. घरी आलेल्या पाहुण्यांना सिंगापूर दाखवायची माझी एक ठरलेली एक्सेल शीट आहे, तासांसकट. बाबांनी दोन आठवड्यांत तिची पार वाट लावली. समुद्राकाठची काचेची घरं बघून त्यांनी जांभई दिली आणि मॉलमध्ये शिरल्या शिरल्या बाहेर जायचा रस्ता विचारला. आमच्या पुंगोलच्या फ्लॅटखालून एलआरटीची छोटी ट्रेन सुटते, ती वस्तीला गोल चक्कर मारून परत तिथेच येते. बाबा एकदा तीत बसले, दोन फेऱ्या मारल्या आणि वर येऊन म्हणाले, "हे गाडी कुठं जातच नाही." माझी आठ वर्षांची लेक रेवा आपल्या सिंगापुरी इंग्रजीत त्यांना समजावत होती, "आजोबा, लूप आहे लाह, इट इज सपोज्ड टू कम बॅक." बाबांना ते काही पटलं नाही.

उबीनला जायची बोट बारा माणसं भरली की सुटते. बाबांनी बारा मोजली आणि मगच बसले. बेटावर ग्रॅनाइटची एक जुनी खाण आहे, आता पाण्याने भरलेली. माझ्या शीटमध्ये तिला दहा मिनिटं होती, बाबा कठड्याशी पाऊण तास उभे राहिले. भंडारा जिल्ह्यातल्या मँगनीजच्या खाणीत त्यांची सगळी नोकरी गेली, आधी मेट, म्हणजे टोळीचा मुकादम म्हणून, शेवटी फोरमन म्हणून. माझं बालपणही त्याच खाणीच्या वसाहतीत गेलं. परत येताना ते सहज म्हणाले की ट्रेनिंगला असताना एका साहेबांनी फळ्यावर मेक्सिकोतल्या एका चांदीच्या खाणीचं नाव लिहिलं होतं, वालेन्सियाना. तेव्हापासून ते डोक्यात आहे. बाबांनी स्वतःहून काही बघावंसं वाटतं म्हटलेलं मी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. त्याच आठवड्यात मी तिकिटं काढली.

खरं सांगायचं तर मनात दुसरंही होतं. आई गेल्याला दोन वर्षं झाली. बाबा त्या वसाहतीशेजारच्या घरात एकटे राहतात आणि तीस जानेवारीचं त्यांचं परतीचं तिकीट होतं. मला त्यांना परत पाठवायचं नव्हतं. माझ्या कंपनीकडून त्यांच्यासाठी लाँग टर्म व्हिजिट पासचा अर्ज करता येत होता, फक्त त्यांचा होकार आणि फॉर्मवर सही हवी होती. पुंगोलमध्ये मी दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा ते बाल्कनीत जाऊन उभे राहिले. मला वाटलं, घरापासून लांब, त्यांच्या आवडीच्या जागी नेऊन विचारलं तर नाही म्हणणार नाहीत. फॉर्म मी पाठपिशवीत टाकला. रेवाची शाळा असल्यामुळे ती आणि माझा नवरा मंदार घरीच राहिले. मंदारने दोन वर्षं जमवलेले माइल्स आमच्या तिकिटांत गेले आणि त्याने ते एकदाही बोलून दाखवलं नाही, याची इथे नोंद करते.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. बाबांकडे तो होता, माझ्या भावाकडे जाण्यासाठी काढलेला. तरी निघण्याआधी नियम एकदा बघून घ्या. आम्ही टोकियो, लॉस एंजेलिस आणि तिथून लिऑन असे गेलो. लिऑनच्या विमानतळापासून ग्वानाह्वातो टॅक्सीने अर्ध्या-पाऊण तासावर आहे, पाच-सहाशे पेसो घेतात. पेसोचे साधारण पाच रुपये धरा. सिंगापूरची वेळ चौदा तास पुढे आहे, म्हणजे तुम्ही जेवायला बसता तेव्हा तुमचं ऑफिस उठत असतं. माझ्यासारख्या बाईला हे घातक आहे.

शहरात टॅक्सी शिरते तीच जमिनीखालून. पूर्वी इथून नदी वाहायची, तिचं पाणी वळवलं आणि पात्रातून दगडी कमानींचे रस्ते केले. खाली भुयारात चौक आहेत, वळणं आहेत, बसथांबेसुद्धा आहेत. माझ्या फोनवरचा नकाशा बंद पडला आणि मी कासावीस झाले. बाबा मात्र काच खाली करून दगड बघत होते. सिंगापुरात तीन आठवडे गप्प असलेला माणूस टॅक्सीवाल्याला मराठीत छिन्नीच्या खुणा दाखवत होता, आणि तो टॅक्सीवाला माना डोलावत होता.

दुसऱ्या दिवशी गाव पाहिलं. डोंगरउतारावर घरं, पिवळी, गुलाबी, निळी, आणि मधून गल्ल्या, म्हणजे पायऱ्याच. चांगले बूट घाला, गाव दोन हजार मीटरवर आहे, पहिल्या दिवशी धाप लागते. मी सकाळी नऊपर्यंत पिवळी बासिलिका, विद्यापीठाच्या उंच पांढऱ्या पायऱ्या आणि थिएटर उरकलं होतं. चुंबनाची गल्ली म्हणून एक प्रसिद्ध बोळ आहे, समोरासमोरचे दोन सज्जे हाताच्या अंतरावर, खाली जोडप्यांची रांग. बाबांनी रांगेकडे पाहिलंही नाही, पावसाचं पाणी कुठून जात असेल ते शोधत राहिले. ममींचं म्युझियम त्यांनी साफ नाकारलं. मेलेल्या माणसाले तिकीट काढून काय पाहायचं, म्हणाले. फ्युनिक्युलरने, म्हणजे डोंगर चढणाऱ्या रुळांवरच्या डब्याने, वर पीपिला या स्वातंत्र्यवीराच्या पुतळ्यापाशी गेलो, तिथून सगळं गाव दिसतं, संध्याकाळी जा. मी तिथे फॉर्म काढणार होते. पण समोर एक कुटुंब फोटो काढून मागत होतं, मग फोनवर ऑफिसचा मेसेज आला, मग बाबांना थंडी वाजायला लागली. योग्य वेळ शोधायची आणि ती आली की उठून उभं राहायचं, असा माझा स्वभाव आहे.

जेवणाची चिंता करू नका. इथली खास डिश म्हणजे खाणकामगारांच्या एन्चिलादा. मक्याची पातळ पोळी लाल मिरचीच्या रश्शात बुडवून तव्यावर परततात, आत ताजं चीज, वर बटाटा आणि गाजराच्या फोडी. चिकन नको असेल तर 'सिन पोयो' म्हणा. बाजाराच्या लोखंडी मंडपात शंभर पेसोंच्या आसपास पोट भरतं. राजमा मात्र विचारून घ्या, कधीकधी चरबीत शिजवतात. बाबा दोन प्लेट जेवले आणि म्हणाले की ही तर भाजी-भाकरच आहे, उगाच इतक्या लांब आलो.

तिसरा दिवस खाणीचा. अल्होंदिगा या जुन्या धान्यकोठाराजवळून वालेन्सियानाला बस जाते, चढ आहे, वीसेक मिनिटं लागतात. वर एक देखणं चर्च आहे, आत सोन्याच्या मुलाम्याच्या तीन अजस्र वेद्या. बाबा आत पाच मिनिटं थांबले. ते सोनं कोणी खणलं त्यांचं नाव कुठं आहे, एवढंच त्यांनी मला विचारलं. चर्चपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर जुन्या खाणीची तोंडं पर्यटकांसाठी खुली आहेत, त्यांतल्या एकीचं आम्ही चारच्या खेपेचं तिकीट काढलं.

आमचे गाइड डॉन रोदोल्फो साठीच्या पुढचे, एका पायाने किंचित लंगडणारे. स्वतः वीस वर्षं खाणीत उतरलेले, हे नंतर कळलं. भिंतीवर खुंट्या होत्या, प्रत्येक खुंटीवर पिवळं हेल्मेट. आम्ही चौदा जण होतो. बाबांनी हेल्मेट घालण्याआधी आतून बोटाने ठोकून पाहिलं. डॉन रोदोल्फोंनी ते बघितलं आणि दोघांची नजरानजर झाली. मग ओळख करून द्यायची मला गरजच पडली नाही. उभ्या, ओल्या पायऱ्या उतरताना बाबा सगळ्यांत मागे, डॉन रोदोल्फो सगळ्यांत पुढे, असं त्यांनी न बोलता वाटून घेतलं. खाली दिव्याच्या उजेडात खडकातली पांढरी शीर दाखवून डॉन स्पॅनिशमध्ये सांगत, बाबा तीच शीर हाताने चाचपत मराठीत सांगत. एका अमेरिकन मुलीने मला विचारलं की हे दोघे आधीपासून मित्र आहेत का.

मी खुश व्हायला हवं होतं. पण सिंगापुरात त्या वेळी सकाळचे साडेसहा वाजले होते आणि सात वाजता आमच्या सॉफ्टवेअरचं एक रिलीज जाणार होतं. खाली नेटवर्क नाही. माझा हात सारखा खिशाकडे जात होता. ग्रुप एका कोपऱ्यात मूर्ती बघायला वळला तेव्हा मी पायऱ्यांनी वर सटकले. पाच मिनिटांत येईन असं मनाशी म्हटलं, कोणाला सांगितलं नाही. दारात रेंज मिळेना म्हणून चर्चच्या अंगणापर्यंत चालत गेले. रिलीज अडकलं होतं. मी तिथल्या कट्ट्यावर बसून कॉलवर शिरले आणि पंचवीस-तीस मिनिटं बाहेर आले नाही. येणारे-जाणारे माझ्याकडे बघून हसत होते, त्याचं कारण मला कळलं नाही.

परत आले तर खाणीच्या तोंडाशी सगळे खोळंबलेले. त्या अमेरिकन मुलीने मला पाहिलं आणि नुसतं डोक्याकडे बोट केलं. मी हेल्मेट घालूनच बाहेर पडले होते.

काय झालं ते तिने सांगितलं. सगळे वर आले, हेल्मेटं खुंट्यांवर लागली आणि एक खुंटी रिकामी राहिली. तिकीटघरातली बाई म्हणाली, ती मॅडम गेली असेल बाजारात. बाबा दोन्ही हात दाराच्या चौकटीला लावून उभे राहिले आणि कोणालाच जाऊ देईनात. मधेच हात सोडून बोटांनी तेरा दाखवायचे, मग चौदा. त्यांना एक अक्षर स्पॅनिश येत नव्हतं. डॉन रोदोल्फोंनी दोनच मिनिटं बघितलं, भिंतीवरची मोठी बॅटरी काढली आणि दोघे पुन्हा खाली गेले. वर आले, पुन्हा गेले. एकाचा पाय अधू, दुसऱ्याचे गुडघे कामातून गेलेले.

मी जिन्याच्या तोंडाशी पोहोचले तेव्हा ते दुसऱ्यांदा वर येत होते. बाबांनी मला पाहिलं. त्यांच्या चेहऱ्याला रंग नव्हता. मला वाटलं जवळ घेतील.

"हेल्मेट काढ," ते इतक्या जोरात ओरडले की तिकीटघरातली बाई उठून उभी राहिली.

मी काढलं. त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं, स्वतः रिकाम्या खुंटीवर लावलं, खुंट्यांची सगळी रांग एकदा बोटाने मोजली आणि मग खाली जमिनीवर बसले. डॉन रोदोल्फो त्यांच्या शेजारी बसले आणि पाण्याची बाटली पुढे केली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चर्चच्या पायऱ्यांवर आम्ही बराच वेळ बसलो. ऊन होतं, पण वारा बोचरा होता. मी माफी मागितली, मग स्वतःचा बचाव केला, मग उलट चिडले. तुम्हाला तिथे एकटं सोडून मी इथे कशी जगते ते तुम्हाला कळतं का, असं काहीबाही बोलले आणि पाठपिशवीतून फॉर्म काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. ती योग्य वेळ नक्कीच नव्हती.

बाबांनी चश्मा लावला आणि फॉर्म पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. मग टोकनांबद्दल सांगायला लागले. खाणीत उतरताना प्रत्येकाने आपलं पितळी टोकन फळीवर लावायचं आणि वर आल्यावर काढायचं, हे मला लहानपणापासून माहीत होतं. शिफ्ट संपल्यावर फळीवर एक जरी टोकन राहिलं तरी कोणी घरी जायचं नाही. पुढे यंत्रं आली, टोकनं गेली. जुन्या लोकांनी आपापली मागून घेतली. आता त्यांच्यातले सात जण उरलेत, सगळे एकेकटे. वसाहतीच्या नाक्यावर गुलाबकाकांचं सायकलींचं दुकान आहे, तिथे त्यांनी एक फळी ठोकलीय आणि ते उलटं करतात. रोज सकाळी आठच्या आत ज्याने त्याने येऊन आपलं टोकन लावायचं. आठ वाजता ज्याचं नाही, त्याच्या घरी बाकीचे जातात. गावाला जायचं तर कुठे आणि कधीपर्यंत ते सांगून जायचं.

"मागल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी न्हाणीत पडलो," बाबा म्हणाले. "उठताच येईना. पहाटेपासून पडून होतो. सव्वाआठले त्यायनं कडी तोडली."

पोळ्यानंतर फोनवर ते म्हणाले होते की फिरताना पाय मुरगळला. मी त्यांना मलम सांगितलं होतं, ऑनलाइन मागवून दिलं होतं.

"मला का नाही सांगितलं?"

"तू तिथून काय करणार होती बेटा? रडली असती. ते आले ना."

मला इतका राग आला की मी उठून चर्चला एक फेरी मारून आले. लेक म्हणून मी कुठेच नव्हते, सायकलवाले गुलाबकाका होते. परत आल्यावर बाबांनी फॉर्मची घडी नीट घालून माझ्याकडे दिली.

"तुह्या घरी मले काही कमी नाही. पण तिथं माझी हजेरी कोण घेणार?"

"मी घेईन."

"तू आज खाणीतून न सांगता वर आली," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, उगाच टोचायचं म्हणूनही नाही, जे दिसलं ते सांगितलं. पुंगोलमध्ये मी सकाळी साडेसातला घर सोडते, मंदार आठला. रेवा चारला येते. न्हाणीत पडलेला माणूस आमच्या घरी किती वेळ पडून राहील, हे गणित मी त्या पायऱ्यांवर पहिल्यांदा मांडलं.

चौथ्या दिवशी मी शीट बाजूला ठेवली. डॉन रोदोल्फोंनी बाबांना कागदावर एक नाव लिहून दिलं होतं, काता. तेही खाणवाल्यांचंच चर्च, गावापासून जवळ, टॅक्सीने पन्नास-साठ पेसो. आत एका बाजूला पत्र्याच्या तुकड्यांवर रंगवलेली छोटी छोटी चित्रं आहेत, संकटातून वाचल्याबद्दल लोकांनी देवाला वाहिलेली. कोसळलेलं छत, तुटलेला दोर, अंथरुणाला खिळलेलं मूल, खाली दोन ओळी आभाराच्या. हे चुकवू नका, कुठल्याही यादीत मला ते सापडलं नव्हतं. एका चित्रात खोल विहिरीसारख्या शाफ्टच्या तळाशी माणूस पडलाय आणि काठावर चौघे दोर सोडतायत. बाबांनी मला खालची अक्षरं वाचायला लावली. फोनवर भाषांतर केलं, बायकोने लिहिलं होतं, नवरा परत मिळाल्याबद्दल देवाचे आभार. बाबा म्हणाले की या चौघांची नावं लिहायला पाहिजे होती. त्या दिवशी आम्ही दुसरं काही पाहिलं नाही आणि माझं काही अडलंही नाही.

तरी मी सहज हार मानणारी नाही. लॉस एंजेलिसच्या विमानतळावर मी सहा महिने इथे, सहा महिने तिथे असा प्रस्ताव मांडला. बाबांनी तो चहाबरोबर ऐकून घेतला आणि दर जानेवारीत एक महिना कबूल केला. तीस तारखेला चांगी विमानतळावर रेवाने त्यांना मिठी मारली, "डोंट गो लाह, आजोबा," म्हणाली, आणि ते तिला म्हणाले की सांगून आलोय, जावं लागते. मी रडले. त्यांनी मला, तुझ्यासाठीच पहिल्यांदा विमानात बसलो होतो, असं काहीतरी सांगितलं, ते मला नीट आठवतसुद्धा नाही.

बऱ्याच जणांनी विचारलंय की एवढ्या लांब, एवढा खर्च करून ग्वानाह्वातो करावं का. करा. चार रात्री ठेवा, कमी नको. आई-वडिलांना घेऊन जाणार असाल तर पायऱ्यांचा विचार करा, आणि तुम्हीही माझ्यासारख्याच असाल तर फोन हॉटेलवर ठेवून खाणीत उतरा. मी त्यांना ठेवून घ्यायला निघाले होते आणि जाऊ देऊन आले. याचं वाईट वाटतं का? रोज वाटतं.

बाबा पोहोचले त्या दिवशी मी गुलाबकाकांना फोन केला. मी लहान असताना माझ्या सायकलचं पंक्चर त्यांनीच काढलेलं, त्यांना माझा आवाज ओळखू आला. मी म्हटलं, एखाद्या दिवशी आठला बाबांचं टोकन नसेल तर मला फोन करा. ते म्हणाले, "आधी घरी जाऊ, मंग तुले फोन करू." मी म्हटलं, बरोबर आहे. तिकडचे आठ म्हणजे आमचे साडेदहा. साडेदहा ते अकरा मी आता कोणतीही मीटिंग घेत नाही. फोन टेबलावर ठेवते आणि नुसती बसून राहते, ज्या बाईला पाच मिनिटं एका जागी बसता येत नव्हतं ती. अजून एकदाही तो वाजलेला नाही.